निरंक

सकाळी नऊच्या सुमाराला अण्णांना फोन करायचा, हा माझा गेल्या काही वर्षांचा नेम. तब्येत, गुडघे, दूधवाला हे सगळं नंतर. पहिला शब्द त्यांचा असतो आणि तो ठरलेला असतो. पावसाळ्यात "बारा पॉइंट चार", नाहीतर "तीनच मिलिमीटर, नुसतं भुरभुरलं." आणि वर्षातले बाकीचे बहुतेक दिवस एकच शब्द, "निरंक."

अण्णा साखर कारखान्याच्या शेतकी कार्यालयात लेखनिक होते. कार्यालयाच्या आवारात तारेच्या कुंपणात एक पर्जन्यमापक होता. रोज सकाळी साडेआठला कुंपणाचं फाटक उघडायचं, नरसाळं काढायचं, आतल्या बाटलीतलं पाणी मापाच्या नळीत ओतायचं, नळी डोळ्यांच्या पातळीवर धरून आकडा वाचायचा आणि रजिस्टरला लिहायचा. हवामान खात्याच्या हिशेबात पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. त्यामुळे आमच्या घरातलंही घड्याळ साडेआठला बांधलेलं होतं. रविवारी, दिवाळीत, माझ्या मामाच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा अण्णा सायकलवरून कारखान्यावर जाऊन आले होते.

१९९९ साली ते निवृत्त झाले. पहिल्याच महिन्यात साताऱ्याहून स्वतःच्या पैशांनी एक पर्जन्यमापक घेऊन आले. गावच्या घरामागे परसात, शेवग्यापासून आणि भिंतीपासून लांब, उघड्या जागी तो रोवला. आई वैतागून म्हणाली, "आता कोण मागतंय तुमच्याकडे आकडा?" कुणीच मागत नव्हतं. तरी १ जूनपासून नवी डायरी सुरू झाली. तेव्हापासून दर वर्षाची एक अशा डायऱ्या माजघरातल्या फडताळात ओळीने उभ्या आहेत. तारीख, मिलिमीटर आणि शेवटी शेरा. "वळीव. गारा. मोहोर झडला." "धुकं, नऊपर्यंत." "पावशा ओरडला." आणि मग पानंच्या पानं "निरंक, निरंक, निरंक."

आमच्या रविवारच्या पक्षीनिरीक्षणाच्या गटात मधे एका मुलाने विचारलं, "ताई, फेब्रुवारीच्या मोजणीला चाळीस लोक आले होते. जूनमध्ये पाच उरले. लोक का येतात आणि का जातात?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, फडताळातल्या त्या डायऱ्या मात्र डोळ्यांसमोर आल्या. शास्त्रज्ञांसाठी साध्या माणसांनी नोंदी करायच्या, या कामाला आता नागरिक विज्ञान म्हणतात. कामाचे पैसे नाहीत, सक्ती नाही, वरचा साहेब नाही. तरी काही जण वर्षानुवर्षं करतात आणि बरेच जण दुसऱ्या महिन्यात दिसेनासे होतात. मीही एकदा अशीच दिसेनाशी झाले होते, म्हणून त्या प्रश्नाला माझ्याकडून काही उत्तर देणं लागतं.

तेव्हा मी बँकेत होते. शहरातल्या झाडांची पाहणी करण्यासाठी स्वयंसेवक हवेत असं कळलं आणि मी हौसेने नाव दिलं. आमच्या भागातल्या गल्ल्या माझ्याकडे आल्या. टेलरिंगची टेप घेऊन मी खोडांचे घेर मोजत हिंडायचे. शिरीष, कडुनिंब, सोनमोहोर, पर्जन्यवृक्ष. रस्त्यावरची मंडळी विचारायची, "झाड तोडायला आलात का?" मी अभिमानाने सांगायचे, "नाही, मोजायला." शंभराच्या वर फॉर्म भरले. एका उंबराच्या फॉर्ममागे त्याच्या ढोलीत पिंगळा राहतो हेही लिहिलं, कुणीतरी वाचेल म्हणून. गठ्ठा नेऊन दिला. पोच नाही, फोन नाही. चार महिन्यांनी मीच फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "हो, मिळाले असतील." मिळाले असतील! त्या एका वाक्याने माझा सगळा उत्साह गेला. राग आला असं म्हणणार नाही, वाईट मात्र फार वाटलं. पुढच्या पाहणीला बोलावणं आलं तेव्हा वेळ नसल्याचं कळवलं. वेळ होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी मैत्रिणीने टेकडीवर ओढून नेलं. पुण्यात टेकडी म्हटलं की आपापली टेकडी, माझी वेताळ टेकडी. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षी मोजले जातात, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट म्हणतात त्याला. आपल्या देशात तो २०१३ पासून चालू आहे. निदान पंधरा मिनिटं एका जागी पक्षी बघायचे, दिसतील-ऐकू येतील तेवढे मोजायचे आणि यादी ई-बर्डवर चढवायची. ई-बर्ड हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने २००२ साली सुरू केलेलं व्यासपीठ. आपल्याकडे बर्ड काउंट इंडियाची मंडळी त्याचं काम बघतात. मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. मैत्रिणीची दुर्बीण छान होती आणि पहाटेची हवा गार होती, एवढ्यासाठी मी गेले. बहुतेक माणसं अशीच येतात असं माझं आता मत झालंय. मोठा हेतू घेऊन कुणी दारात उभं राहत नाही. कुणाला फोटोचा नाद असतो, कुणाला डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं असतं, कुणाच्या मुलाला शाळेतून प्रकल्प दिलेला असतो, कुणी नुकतंच निवृत्त झालेलं असतं आणि घरात दिवस जात नसतो.

तिसऱ्या का चौथ्या फेरीची गोष्ट. गिरिपुष्पाची पानं झडून गेली होती आणि फांद्यांना फिकट गुलाबी फुलं आली होती. सातभाईंचा एक थवा एका झाडाखाली जीव तोडून ओरडत होता. वर पाहिलं तर एक करड्या पाठीचा पक्षी निमूट बसलेला, शेपटीवर आडवे पट्टे. पुस्तकात पाहून ठेवला होता, शिक्रा. मी फोटो काढला, यादीत "शिक्रा १" लिहिलं, फोटो जोडला आणि मोकळी झाले.

दोन दिवसांनी मेल आला. नोंदी तपासणारे काही अनुभवी पक्षीनिरीक्षक असतात, तेही आपल्यासारखेच बिनपगारी, त्यांच्यापैकी एकाचा. चार ओळी होत्या. तुमच्या यादीबद्दल आभार, फोटो पुन्हा एकदा पाहाल का? चोचीचं टोक किती वळलेलं आहे, डोळ्याभोवती पिवळं कडं दिसतंय का आणि पाय दिसतील असा आणखी एखादा फोटो आहे का?

मी फोटो मोठा करून बघितला. चोच शिकारी पक्ष्यासारखी आकड्याची नव्हती, जवळजवळ सरळ होती. डोळ्याभोवती पिवळं कडं होतं, अगदी स्वच्छ. दुसऱ्या फोटोत पाय होते. बारीक, नाजूक, कशावर झडप घालण्याच्या कामाचे नव्हेत. पुस्तकात शिक्र्याच्या शेजारी पाहिलं, पुढची पानं उलटली आणि कोकिळांच्या पानावर येऊन थांबले. पावशा!

ज्याचं "पेरते व्हा, पेरते व्हा" ऐकत माझं सगळं लहानपण गेलं, परीक्षा संपल्यावर अंगणात झोपल्यावर जो आंब्याच्या राईतून रात्रीसुद्धा ओरडायचा, तो पावशा मी उभ्या आयुष्यात कधी पाहिला नव्हता. आणि समोर आला तेव्हा त्याला शिक्रा म्हणून मोकळी झाले होते. पुढे वाचलं की त्याचं रूपच शिक्र्यासारखं आहे, भलेभले फसतात. तो आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. सातभाई त्या दिवशी का ओरडत होते त्याची एक बाजू मला तेव्हा कळली.

मी नोंद दुरुस्त केली आणि परत मेल पाठवला. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, छान फोटो आहे, आता हा सहसा गप्प असतो म्हणून लक्षात येत नाही. एवढंच. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कुठल्या तरी गावातल्या, मला न ओळखणाऱ्या माणसाने माझ्या एका आकड्यावर थांबून विचार केला होता. माझ्याकडून चूक झाली याचं मला काहीच वाटलं नाही. चूक आहे हे सांगायला कुणी होतं, याचं अप्रूप वाटलं. शंभर फॉर्म एकही प्रश्न न येता नाहीसे झाले होते आणि इथे एका पक्ष्याच्या पायांची चौकशी होत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला मी एकटी टेकडीवर होते.

नवे लोक आले की हे मी त्यांना आवर्जून सांगते, कारण प्रश्नाचा मेल आला की काही जण दुखावतात. आपल्यावर विश्वास नाही असं त्यांना वाटतं. तुमच्या नोंदीला कुणी किंमत दिली नसती तर ती तपासलीच कशाला असती, असं मी विचारते. काहींना पटतं. एक निवृत्त मुख्याध्यापक मात्र त्यावरूनच यायचे थांबले. त्यांना मी फार मुजोरीने समजावलं असावं, हे मला अजून टोचतं.

आल्यानंतर टिकायचं कसं, तिथे ते निरंक येतं. ई-बर्डवर यादी पाठवताना शेवटी एक प्रश्न असतो, ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले आहेत का? हो म्हटलं तर ती संपूर्ण यादी. पहिल्यांदा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मग कळलं की सगळं मर्म तिथे आहे. यादी संपूर्ण असेल तर जे पक्षी त्यात नाहीत तेही बोलतात. अमुक दिवशी, अमुक टेकडीवर, अर्धा तास डोळे उघडे ठेवून बघितलं आणि चिमणी दिसली नाही, ही माहिती झाली. नुसते आवडलेले, दुर्मिळ पक्षी लिहून पाठवले तर त्या चिमणीबद्दल काहीच कळत नाही. नव्या माणसाला स्वर्गीय नर्तक बघायचा असतो. कावळे मोजायला कुणी आलेलं नसतं. आणि जो तीन-चार महिन्यांनंतरही कावळे मनापासून मोजतो, तो राहतो. माझ्या पाहण्यात याला अपवाद फार थोडे.

काही जणांना यादीच्या आकड्यांची चढाओढ ओढून आणते. कुणाच्या किती जाती झाल्या, जिल्ह्यात कितवा नंबर. मला ती चढाओढ आवडत नाही, हे स्पष्टच सांगते. तिने माणूस गाडी काढून शंभर किलोमीटर जातो, पण घराजवळच्या नाल्यावर पंधरा मिनिटं थांबत नाही. तरी तिच्या जोरावर आलेले दोघं-तिघं पुढे आमच्यात सगळ्यात नेमाचे झाले, हेही खरं आहे. मुलाखत घेऊन माणसं निवडायची असती तर मी त्यांना घेतलं नसतं.

एकेकट्या माणसाला आपल्या कावळ्यांच्या नोंदी पुढे कुठे गेल्या हे कळायला वेळ लागतो. मला कळलं ते २०२० साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल आला तेव्हा. चिमण्या संपल्या, मोबाइलच्या मनोऱ्यांनी संपवल्या, हे आपण सगळे किती वर्षं बोलत होतो. अहवालात देशभरच्या नोंदींवरून निघालं की पंचवीसेक वर्षांत देशातली चिमण्यांची संख्या साधारण टिकून आहे, घट दिसते ती मोठ्या शहरांत. मी अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "शहरातली माणसं बोलतात, म्हणून ते सगळीकडचं होतं."

२०२३ चा अहवाल आला तो वाचून मात्र पोटात गोळा आला. तीस हजारांहून जास्त निरीक्षक, तीन कोटींच्या घरात नोंदी, ९४२ जातींचा आढावा. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल सांगता आला, त्यांतल्या ६० टक्के कमी होत चालल्या आहेत. मोर, कोकीळ आणि राखी वटवट्या वाढलेत. नीलपंख कमी होतोय. तारेवर बसलेला भुरकट पक्षी उडाला की पंखांत निळा जाळ पेटतो, तो नीलपंख. गावी जाताना फलटणच्या बाजूच्या रस्त्याला तो मला पूर्वी हमखास दिसायचा. आता दिसत नाही असं मला वाटायचं, पण वाटण्याला काय अर्थ आहे? माझ्याकडे तेव्हाची एकही यादी नाही. त्या रस्त्याने मी वीस वर्षं गेले-आले आणि एक ओळ लिहिली नाही. हे कळल्यावर जी हळहळ वाटली, तीच आता मला दर वेळी गाडी थांबवायला लावते. टिकण्याचं हेही एक कारण आहे आणि ते आनंदाचं नाही.

टेकडीपेक्षा मला जास्त शिकवलं ते आमच्या सोसायटीच्या फाटकाशी असलेल्या बहाव्याने. सीझनवॉच नावाचा एक उपक्रम आहे. त्यात एक झाड आपलं म्हणून नोंदवायचं आणि दर आठवड्याला त्याच्याकडे बघायचं. कोवळी पानं, जून पानं, पिकलेली पानं. कळ्या, फुलं. कच्ची फळं, पिकली फळं. प्रत्येकापुढे तीनच पर्याय, नाही, थोडं, पुष्कळ. केरळात शाळांमधली मुलं मोठ्या संख्येने हे करतात. तिथे विषूच्या सणाला बहाव्याचीच फुलं लागतात आणि सणाच्या कितीतरी आधी फुलून गेलेले बहावे तिथल्या नोंदींत दिसतात. आपल्याकडे बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस, असं म्हणतात. खरं का, हे मला बघायचं होतं. मी झाड नोंदवलं ते त्या कुतूहलापोटी.

कुतूहल ऑगस्टपर्यंत पुरलं. मग रविवारमागून रविवार, कळ्या नाही, फुलं नाही, कच्च्या शेंगा पुष्कळ, जून पानं पुष्कळ. सप्टेंबरातही तेच, ऑक्टोबरातही तेच. हातभर लांबीच्या हिरव्या शेंगा लटकत होत्या आणि माझ्या नोंदीत काही म्हणता काही बदलत नव्हतं. कंटाळले. दिवाळीत दोन आठवडे चुकवले. तिसऱ्या रविवारी दूध आणायला निघाले तर आमचे वॉचमन काका म्हणाले, "ताई, तुमच्या झाडाच्या शेंगा काळ्या पडायला लागल्या, बघितल्या का?"

काका मूळचे लातूरकडचे. मी दर रविवारी मान वर करून काय बघते, हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं, पण तेही बघायला लागले होते. मी चटकन वर पाहिलं. शेंगांच्या टोकाकडून काळसर तपकिरी छटा चढत होती. मला दिसलीही नसती. त्यानंतर दर रविवारी आम्ही दोघं बघायला लागलो. "थोडं" आणि "पुष्कळ" यांवरून आमचे वाद व्हायचे. झाडाच्या एक तृतीयांश भागापर्यंत असेल तर थोडं, त्याहून जास्त तर पुष्कळ, हा नियम मी त्यांना सांगितला. तेव्हा त्यांनी झाडाला बोटाने हवेत तीन भागांत कापलं आणि म्हणाले, "मग पानगळ अजून थोडीच आहे. तुमचं चुकतंय." मार्चमध्ये झाड बोडकं झालं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सातला माझा फोन वाजला. "ताई, कळ्या." फक्त एवढंच.

पावसाच्या दीड महिन्याचं काय झालं, असं लोक विचारतात. एका झाडावरून आणि दोन-तीन वर्षांवरून काही सांगता येत नाही. तेवढं सांगता येत नाही, हे समजण्याइतकी शिस्त त्या झाडाने मला लावली.

आपल्याकडेच असं होतं का म्हणून मी थोडं वाचलं. २००७ साली ऑक्सफर्डच्या खगोलशास्त्रज्ञांनी 'गॅलेक्सी झू' सुरू केलं. जवळजवळ नऊ लाख दीर्घिकांची, म्हणजे गॅलेक्सींची, छायाचित्रं होती, त्यांचे आकार ओळखायला माणसाचा डोळा हवा होता. वर्षभरात दीड लाख लोकांनी पाच कोटींच्या वर नोंदी केल्या. तुम्ही हे का करता, असं पुढे त्यांना विचारलं तेव्हा सगळ्यात जास्त लोकांनी सांगितलं की खऱ्या संशोधनाला हातभार लागतो म्हणून. आकाशाचं सौंदर्य, नवं शिकणं, मजा ही कारणं त्यानंतर. त्यांच्यात हॅनी व्हान आर्केल नावाची हॉलंडमधली एक शिक्षिका होती. एका छायाचित्रात तिला विचित्र निळसर डाग दिसला. हे काय आहे, असं तिने विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. शास्त्रज्ञांनी दुर्बिणी तिकडे वळवल्या आणि आज त्या वस्तूला तिचं नाव आहे. ही गोष्ट सांगताना सगळे शोधावर भर देतात. मला तिच्यातला तो क्षण मोठा वाटतो, जेव्हा एका शिक्षिकेने विचारलं आणि कुणीतरी "मिळालं असेल" म्हणालं नाही.

मुंबईत २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी ओहोटीला लोकांना जुहूच्या, हाजी अलीच्या खडकांवर नेतात. माझी भाची एकदा गेली आणि आता भरती-ओहोटीचं वेळापत्रक तिच्या फ्रिजवर लावलेलं असतं. आयुष्य मुंबईत काढलं आणि पायाखाली ऑक्टोपस आहे हे ठाऊक नव्हतं, म्हणाली. कोकणातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. तिथे आता पिल्लं बघायला आलेल्या पाहुण्यांमुळे गावातल्या घरांना चार पैसे मिळतात. पैसे मिळाले म्हणजे निष्ठा कमी झाली, असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही. काळोखात किनारा पालथा घालून घरटं शोधणाऱ्याला त्याचं पोटही आहेच.

हे सगळं डोक्यात घेऊन यंदा मेअखेर गावी गेले, तेव्हा अण्णांना सरळ विचारलं. "अण्णा, तुमच्याकडे तर कुणी आकडा मागत नव्हतं. कुणी तपासत नव्हतं. मग कुणासाठी लिहिलंत एवढी वर्षं?"

ते नरसाळं धुवत होते. म्हणाले, "पारावर लोक म्हणतात, यंदा कधी नव्हे एवढा पाऊस झाला. दर दोन वर्षांनी म्हणतात. असं काही नसतं. वही बघावी." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि तू आता रोज विचारतेस की."

दुपारी मी डायऱ्या काढून बसले. २०११ च्या ऑगस्टमध्ये अकरा दिवसांच्या ओळींवर मिलिमीटर नव्हते आणि "निरंक"ही नव्हतं. त्यांच्या सुबक अक्षरात प्रत्येक ओळीवर लिहिलं होतं, "नोंद नाही." ते अकरा दिवस आई साताऱ्याला दवाखान्यात होती आणि अण्णा तिच्या उशाशी होते. परत आल्यावर बाटली भरून वाहिलेली असणार. अंदाजाने भरता आलं असतं, शेजारच्या गावचा आकडा विचारून लिहिता आलं असतं. अकरा ओळींवर एक रेघ मारूनही भागलं असतं. त्यांनी अकरा वेळा लिहिलं. निरंक म्हणजे मी बघितलं आणि पाऊस नव्हता. नोंद नाही म्हणजे मी बघितलं नाही. हा फरक मला कॉर्नेलच्या सूचना वाचून कळला होता. माजघरातल्या फडताळात तो कधीचा लिहून ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला परसात खुर्ची टाकून मी यादी करायला बसले. अण्णा शेजारच्या पायरीवर. पंधरा मिनिटं झाल्यावर त्यांना वाचून दाखवलं. "कावळे चार. चिमण्या अकरा. बुलबुल दोन. साळुंक्या सात. पावशा एक."

"दोन," अण्णा म्हणाले.

"एकच ओरडतोय, अण्णा."

"एक विहिरीकडून ओरडतो. तो थांबला की ओढ्यापलीकडचा सुरू करतो. बस अजून."

बसले. विहिरीकडचा चढत चढत वर गेला आणि थांबला. मधे टिटवी ओरडून गेली. मग लांब ओढ्यापलीकडून, अगदी पुसट, दुसऱ्याचं सुरू झालं. तो संपायच्या आत विहिरीकडचा परत चालू झाला, क्षणभर दोघं एकदम.

"दुरुस्त कर," अण्णा म्हणाले आणि साडेआठ वाजले म्हणून उठून पर्जन्यमापकाकडे गेले.